वाटेवरचा ठेवा : अनोळखी नगरातील शोधयात्रा

एखादी लहानशी, पाणी न शिरणारी डबी सार्वजनिक जागी लपवून ठेवावी, त्या जागेचे अक्षांश व रेखांश प्रसिद्ध करावेत आणि इतरांनी केवळ त्या आकड्यांच्या आधारे ती हुडकून काढावी, एवढेच ‘जिओकॅशिंग’ या खेळाचे स्वरूप आहे. डबीत एक नोंदवही असते. शोधणाऱ्याने तीत आपले नाव व दिनांक लिहून डबी होती तशी जागच्या जागी ठेवायची असते. डबीतील एखादी क्षुल्लक वस्तू घ्यावयाची झाल्यास तितक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू आत ठेवावी, असा संकेत आहे.

खेळाचा उगम

लपविलेल्या पेट्या शोधण्याची हौस नवी नव्हे. इंग्लंडमधील डार्टमूर येथे जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमियर तळ्यापाशी एक बाटली ठेवली होती आणि तेथवर चालत जाणारे प्रवासी तीत आपली ओळखपत्रे टाकीत असत. आजच्या खेळाला मात्र उपग्रहांची जोड मिळाली. अमेरिकेच्या स्थाननिश्चिती उपग्रहांच्या संकेतांत नागरी वापरापुरती मुद्दाम चूक मिसळलेली असे, व त्यामुळे जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला.

आकडे कसे वाचावेत

या खेळात स्थान अंश आणि दशांशासह मिनिटे अशा रीतीने लिहिले जाते. उदाहरणार्थ, बंगळूरची लालबाग सुमारे १२ अंश ५७ मिनिटे उत्तर व ७७ अंश ३५ मिनिटे पूर्व येथे आहे. मिनिटांच्या पुढे दशांशचिन्हानंतर तीन अंक दिलेले असतात. बंगळूरच्या परिसरात अक्षांशातील शेवटच्या अंकात एकाचा फरक पडला, तर जमिनीवर सुमारे १.८४ मीटरचे अंतर पडते. रेखांशातील तेवढ्याच फरकाने सुमारे १.८१ मीटरचे अंतर पडते.

विषुववृत्तापासून दूर जावे तसतशी रेखांशवृत्ते एकमेकांच्या जवळ येत जातात. त्यामुळे लंडनच्या अक्षांशावर रेखांशाचा तोच शेवटचा अंक केवळ १.१६ मीटरच्या आसपास भरतो. परदेशी गेलेल्या प्रवाशाने आपल्या गावचा अंदाज तेथे लावू नये, याचे कारण हेच. शिवाय मोकळ्या आकाशाखालीही साध्या यंत्राची जागा काही मीटरांनी चुकते. उंच इमारती व दाट झाडी यांत ही चूक वाढते. म्हणून इष्ट स्थानाच्या १० मीटर आत पोहोचताच यंत्र खाली ठेवावे आणि डोळ्यांनी शोध घ्यावा.

मार्गाची आखणी

प्रवासात शोध घेणाऱ्यापुढे खरा प्रश्न वेळेचा असतो. यासाठी नकाशावर आपला मार्ग आखून त्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे अर्ध्या किलोमीटरचा पट्टा धरावा व त्या पट्ट्यातीलच ठेवे निवडावेत. प्रत्येक ठेव्याला काठिण्य आणि भूप्रदेश यांसाठी १ ते ५ असे दोन अंक दिलेले असतात. सामान बरोबर असताना दोन्ही अंक २ च्या वर नसावेत. अलीकडच्या नोंदी वाचणे त्याहूनही महत्त्वाचे. लागोपाठ तीन-चार जणांना डबी सापडली नसेल, तर ती नाहीशी झालेली असण्याचा संभव मोठा असतो. निवडलेली माहिती निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावी, कारण परक्या देशात दूरध्वनीचे जाळे ऐन वेळी मिळेलच असे नाही.

बंगळूरची वाट

बंगळूरला विमानाने येणारा प्रवासी शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळी येथे उतरतो. तेथून दक्षिणेकडे जाणारी वाट या विद्येच्या अभ्यासास फार सोयीची आहे. प्रारंभीच देवनहळ्ळीचा दगडी किल्ला लागतो. टिपू सुलतानाचा जन्म याच गावचा. पुढे शहरात शिरताना मेखरी चौकाजवळ केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा एक लहान मनोरा आहे. केंपेगौडांनी १५३७ मध्ये नगर वसविले, असे मानतात. नगराच्या सीमा दर्शविणारे असे चार मनोरे सांगितले जातात. उरलेले तीन हलसूर तलाव, केंपांबुधी तलाव व लालबाग येथे आहेत. चारही ठिकाणचे आकडे टिपून ते नकाशावर मांडले, म्हणजे जुन्या नगराच्या कल्पित मर्यादा आणि आजचा विस्तार यांतील अंतर एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते.

मल्लेश्वरम येथे मराठी वाचकाने अवश्य थांबावे. विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये बंगळूर जिंकल्यानंतर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचे पुत्र एकोजी यांनी काडू मल्लेश्वर देवालयास दिलेल्या दानाचा शिलालेख १६६९ सालचा आहे. शहराच्या दक्षिण टोकाला बेगूर येथील देवालयात इसवी सन ८९० च्या सुमाराचा वीरगळ असून त्यावरील लेखात बंगळूरच्या युद्धाचा उल्लेख येतो. नगराच्या स्थापनेपूर्वी साडेसहाशे वर्षे ते नाव प्रचारात होते, असा याचा अर्थ होतो.

भूमीवरील बिंदू अचूक निश्चित करण्याची परंपराही येथे जुनी आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०० मध्ये बंगळूरजवळ आधाररेषा मोजली आणि १८०२ मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे महान कार्य आरंभिले. इस्रोचे मुख्यालय याच शहरात आहे. भारताच्या स्वतःच्या स्थाननिश्चिती मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला.

डबी कोठे नसावी

गर्दीच्या शहरात बेवारस डबी ही निरुपद्रवी वस्तू राहत नाही. बंगळूरमध्ये २५ जुलै २००८ रोजी लागोपाठ स्फोट झाले, तर १ मार्च २०२४ रोजी एका उपाहारगृहात ठेवून दिलेल्या पिशवीतील स्फोटकाने अनेक जण जखमी झाले. अशा नगरात कुंपणात हात घालून काही चाचपणारा परका माणूस पाहून रहिवाशांनी पोलिसांना बोलावले, तर दोष त्यांचा नव्हे. डबीसाठी धावपळ झाली, रस्ता बंद करावा लागला, तर खेळाची किंमत इतरांनी मोजली असे होते. म्हणून विमानतळ, रेल्वेस्थानके, लष्करी ठाणी, देवालये व बाजारपेठा यांच्या निकट डबी ठेवू नये आणि तेथे असल्याचे कळले तरी शोधू नये. कोणी हटकल्यास लपवाछपवी न करता खेळ समजावून सांगावा व निघून जावे. स्थान दाखविणारे यंत्र केवळ संकेत ग्रहण करते. उपग्रह दूरध्वनी मात्र संदेश पाठवितो, आणि तो पूर्वपरवानगीवाचून भारतात आणणे हा गुन्हा ठरतो. परदेशी प्रवाशाने हा भेद विसरू नये.

या अडचणीवर उत्तम उपाय म्हणजे डबीविना ठेवा. त्याच्या ‘भू-ठेवा’ या प्रकारात प्रवाशाने नेमक्या जागी जाऊन निरीक्षण करावयाचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवावयाची असतात. लालबागेतील विस्तीर्ण खडक हे अशा अभ्यासाचे आदर्श स्थळ होय. सुमारे ३०० कोटी वर्षांचा हा पट्टिताश्म राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, आणि त्याच्याच माथ्यावर चौथा मनोरा उभा आहे. त्यातील फिकट पट्टे प्रामुख्याने क्वार्ट्‌झ व फेल्डस्पार या खनिजांचे, तर गडद पट्टे कृष्णाभ्रकाचे असतात. पट्टे कोणत्या दिशेने गेले आहेत, कोठे ते वळले किंवा दुमडले आहेत, हे होकायंत्र घेऊन पाहावे. खडकाचा टवका काढू नये. तेथे नेण्यासारखी वस्तू काही नाही आणि ठेवण्यासारखीही नाही. वहीत दिनांक, आकडे व निरीक्षण एवढे लिहिले, की शोध पूर्ण झाला.