मराठवाड्याचे आकाश : दोन दिशांचे वारे

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गारांचा खच पडला आणि काढणीस आलेला गहू, हरभरा व ज्वारी भुईसपाट झाली. पुढचे दोन पावसाळे अपुरे गेले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. एकाच भूमीवर ही दोन संकटे का यावीत, याचा येथे आपण विचार करू.

पहिले कारण उष्ण कटिबंधातील आहे. एरवी पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागातील पाणी अधिक उबदार असते. तेथे हवा वर चढते आणि दूर पूर्वेस खाली उतरते. या चक्रास ‘वॉकर अभिसरण’ म्हणतात. गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज शोधतानाच त्यांना या दूरच्या समुद्रांचे नाते उमगले. एल निनोच्या वर्षी उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. त्यासोबत हवा वर चढण्याची जागाही सरकते आणि आपल्याकडील मान्सून बहुधा दुबळा होतो. २०१५ मध्ये तसेच घडले.

दुसरे कारण उत्तरेकडचे आहे. विषुववृत्ताजवळ वर गेलेली हवा साधारण तीस अक्षांशापाशी खाली उतरते. त्याच पट्ट्यात, उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतो. भूमध्य समुद्राकडील पश्चिमी झंझावात हिवाळ्यात त्याच्यासोबत येतात. एरवी ते हिमालयात हिम पाडतात. परंतु त्यांचा प्रभाव कधी दख्खनपर्यंत पसरतो. वर थंड हवा, खाली समुद्राकडून आलेले बाष्प आणि तापलेली जमीन यांची गाठ पडली की ढग उंच वाढतात व गारा कोसळतात.

हे दोन्ही प्रभाव परस्परांत गुंतलेले आहेत. म्हणून एकाच कारणावर विसंबणे धोक्याचे ठरते. १९९७ मध्ये एल निनो तीव्र होता, तरी देशातील पाऊस सरासरीइतका झाला. हवामानाचा अंदाज म्हणजे शक्यतेचे गणित होय, भविष्यकथन नव्हे. एल निनोची वार्ता येताच पाणी राखून ठेवावे आणि गारपिटीचा इशारा मिळताच कापलेले पीक झाकावे, एवढे तरी आपल्या हाती आहे. शिकून गावी परतलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हे गणित शेताच्या बांधापर्यंत पोहोचवावे, हीच अपेक्षा.