जुनी सायकल आणि गंज

सहस्रकुंडाचा धबधबा जोरात कोसळू लागला, की इस्लापूरकडे हवेत ओल येते. वडिलांच्या वेळच्या सायकलीचा रंग जिथे उडाला, तिथे गंज चढतो.

गंज कसा येतो? लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली, की गंज येतो. रंग त्यांना अडवतो. सायकलीची नळी पोकळ असते. गंजाने ती झिजली, तर भर रस्त्यात मोडते. माणूस पडतो.

मग आपण काय करू या?

भिजलेली सायकल लगेच पुसू या. गंज तेवढाच पॉलिश पेपरने हळू घासू या. चांगला रंग खरवडायचा नाही. उघड्या लोखंडावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देऊ या. पाऊस झाला, की पुन्हा देऊ या. चाकाच्या रिंगेला तेल नको. ब्रेक लागत नाही.

गंजावरच रंग देऊ नये. वरून सायकल नवी दिसते, आतून गंज खातच राहतो.