उधारीचा रकाना

चि. मंजिरी,


ज्वारीच्या चिवड्याच्या धंद्याचा तुझा हिशेब वाचला. यंत्र, जागा, वीज, कर्जाचा हप्ता, सगळं नीट मांडलं आहेस. पण अडचणीच्या महिन्यात कच्चा माल उधार देणारा कोण, हा रकाना त्यात नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव निघालं की लोखंडी नांगर आणि जिद्द आठवते. पण बेळगावच्या कारखान्याची जागा सोडायची वेळ आली तेव्हा नुसती जिद्द पुरली नसती. १९०९ मध्ये गादीवर आलेल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरानाची जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे पहिल्या महायुद्धात कोळसा-लोखंड मिळेना, तर दुसरीकडे परदेशी माल आटल्याने देशी कारखान्यांना गिऱ्हाईक मिळालं. म्हणजे माणूस, ओळख आणि काळ, तिन्ही लागले.

तू म्हणशील, लक्ष्मणराव शिकलेले, ब्राह्मण, राजवाड्याचं दार त्यांना उघडं होतं. आपल्यासारख्यांनी काय करावं? आक्षेप खरा आहे. ओळखी वारशाने मिळतात आणि त्यांत जात असतेच. म्हणूनच २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांसाठी ‘डिक्की’ ही संस्था काढली, याला मी फार महत्त्व देतो. वारशात नसलेलं जाळं विणता येतं, हे तिने दाखवलं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातूनच ‘लिज्जत’ वाढलं. ऐंशी रुपये ही रक्कम तेव्हाही फार मोठी नव्हती. खरं भांडवल होतं ते उसने देणाऱ्याचा भरवसा आणि त्या बायकांची एकमेकींवरची जबाबदारी.

आता मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळतं, गिऱ्हाईक फोनवर सापडतं, मग ओळखी कशाला, असंही विचारशील. कर्जाने यंत्र येतं. पण मोठा दुकानदार तुझे पैसे तीन महिने अडकवेल तेव्हा बँकेचा हप्ता थांबत नाही. छोट्या उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत असा कायदा २००६ पासून आहे, तरी एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर पोट असलेला माणूस त्याच्याविरुद्ध तक्रार करायला धजत नाही. अशा वेळी धान्याचा व्यापारी पंधरा दिवस थांबला, तरच भट्टी पेटती राहते.

शिवाय घरच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा तुलाही ठाऊक असतंच. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकऱ्यांच्या संदर्भात मांडलं. धंद्यालाही ते लागू आहे असं माझं मत आहे. तेव्हा यंत्राची आगाऊ रक्कम भरण्याआधी दोन-तीन महिने बाजार समितीत जा, व्यापाऱ्यांकडून आधी रोखीने थोडा थोडा माल घे, मग थोडा उधारीवर घेऊन ठरल्या दिवशी पैसे दे. नोकरी तोवर सोडू नकोस.

तुझा,
काका