रताळे की बटाटा?



एकादशीला आपल्या घरी बटाटा आणि रताळे दोन्ही शिजतात. (गंमत म्हणजे उपासाला चालणारे हे दोन्ही कंद मूळचे अमेरिकेतले!) गटात फिरताना आम्हांला हमखास विचारणा होते, "साहेब, यातलं पौष्टिक कुठलं?" याचे उत्तर रताळे कापून आतला गर पाहिल्याशिवाय देता येत नाही.

पोट भरण्यापुरते दोन्ही सारखेच. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७७ कॅलरी, रताळ्यात ८६. प्रथिने दोन्हींत बेताचीच, तेव्हा डाळ-दूध सुटत नाही. चोथा रताळ्यात थोडा जास्त, तर पोटॅशियम बटाट्यात जास्त. क जीवनसत्त्वही बटाट्यात बरे असते. पण चिरून पाण्यात भिजत ठेवला, की ते पाण्याबरोबर मोरीत जाते. सालीसकट उकडावा. हिरवा पडलेला मात्र खाऊ नये.

खरा फरक अ जीवनसत्त्वाचा. ते कमी पडले की लहान मुलांना रातांधळेपणा येतो, पुढे डोळाही जाऊ शकतो. नारिंगी रंगाच्या बीटा कॅरोटीनपासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. बटाट्यात ते जवळजवळ नाही. आपल्या बाजारातले लाल सालीचे रताळे आतून पांढरेच, त्यातही नावापुरते. नारिंगी गराचे रताळे मात्र वेगळे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेच्या 'भू सोना' वाणात १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आहे. आफ्रिकेत असे रताळे मुलांच्या ताटात पोचविणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या घरची लेकरे काय किंवा तोडणी टोळ्यांबरोबर येणारी काय, दोघांनाही ते हवेच. खाताना थोडे तूप-तेल घ्यावे, म्हणजे कॅरोटीन अंगी लागते.

मधुमेह असलेल्यांनी "रताळं आहे, चालतंय" असे म्हणू नये. निखाऱ्यावर भाजलेले रताळे चवीला झकास, पण उकडलेल्यापेक्षा रक्तातली साखर लवकर वाढविते. साखर कारखान्याच्या माणसाने हे सांगावे याचे हसू येईल, पण आहे ते आहे.

लागवडीला एक-दोन गुंठे पुरेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला वेलाचे वीतभराहून थोडे मोठे तुकडे सरीच्या वरंब्यावर लावावेत; साधारण चार महिन्यांत काढणी होते. वेल फार पसरतो, म्हणून उसात सोडू नये, जागा वेगळी ठेवावी. काढणीनंतरचा पाला जनावरे आवडीने खातात.