आधी हात, मग खांदा

मोठा पोपट पाळणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक चित्र पक्कं असतं: पक्षी खांद्यावर आणि आपण घरभर. हे चित्र जगभर रुजवलं ते इंग्रजी गोष्टींतल्या समुद्री चाच्यांनी, विशेषतः १८८३ साली पुस्तकरूपात आलेल्या ‘ट्रेझर आयलंड’मधल्या लाँग जॉन सिल्व्हरने. आपल्याकडे पोपटाची जागा निराळी आहे. मदुराईच्या मीनाक्षीचा पोपट हातातल्या फुलांवर बसतो, श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळचा डाव्या हातावर. मूर्तिकारांनी पक्षिपालनाचा विचार केला नसणार, पण जागा मात्र त्यांनी अचूक निवडली. हातावर चढणं-उतरणं पक्कं झालं असेल तरच पोपटाला खांदा द्यावा, तोही थोडा वेळ आणि मागितल्याक्षणी परत मिळेल अशा बोलीवर, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठा पोपट म्हणजे इथे मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे. निळा-पिवळा मकाव साधारण किलोभर वजनाचा आणि शेपटीसकट ८० सेंटिमीटरच्या पुढे असतो. दगडासारख्या कठीण बिया फोडणारी त्याची चोच माणसाच्या कानाची पाळी सहज फाडू शकते. शिवाय चोच हा त्याचा तिसरा पाय आहे. चढताना किंवा तोल जाताना तो आधी चोचीने काहीतरी धरतो. तुम्ही अचानक वाकलात तर खांद्यावर त्याला धरायला कान, मान किंवा गाल एवढंच सापडतं. त्यात राग असतोच असं नाही. रागाचा चावा मात्र बहुतेकदा पूर्वसूचना देऊन येतो. डोळ्यातली बाहुली भराभर लहान-मोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात, शेपटी पसरते, अंग ताठरतं. पक्षी हातावर असेल तर हे सगळं आपल्याला समोर दिसतं आणि त्याला बेताने खाली ठेवता येतं. तोच खांद्यावर असला की यातलं जवळपास काही दिसत नाही. बघायला मान वळवावी तर डोळा आणि ओठ थेट चोचीसमोर येतात. खांद्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. पक्षी कितीही गुणी असला तरी त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही अशा जागी त्याला बसवायचं, यात दोष पक्ष्याचा नाही.

खांदा देऊ नये यासाठी पूर्वी वेगळंच कारण सांगितलं जाई. पोपट आपल्या डोळ्यांच्या वर बसला की स्वतःला मालक समजतो, म्हणून त्याला खालीच ठेवावं, असं जुने जाणकार सांगत. हे मला पटत नाही. उंचावर बसणं ही झाडावर राहणाऱ्या पक्ष्याची सुरक्षिततेची ओढ आहे. त्यातून वर्चस्वाची भावना येते याला धड आधार नाही. सुझन फ्रीडमन यांच्यासारख्या वर्तनाच्या अभ्यासकांचा भर वेगळ्या प्रश्नावर आहे: पक्षी एखादी गोष्ट करतो तेव्हा लगेच पुढे त्याला काय मिळतं? हा प्रश्न खांद्याला लावून पाहा. खांद्यावर ऊब आहे, केसांत चोच घालायची मुभा आहे, घरभर नजर जाते. हात पुढे आला की मात्र बहुतेक वेळा पिंजऱ्याचं दार दिसतं. मग तो हात चुकवून पाठीवर सरकतो, बोटाला चोच लावतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. खरं तर हात म्हणजे मजा संपली, हा धडा आपणच रोज गिरवून घेतलेला असतो.

तेव्हा शिकवायचं ते उलट. आधी नुसत्या हातावर आणि हातातल्या काठीवर चढणं-उतरणं इतकं सवयीचं व्हावं की पक्ष्याला विचार करावा लागू नये. प्रत्येक वेळी बदामाचा बारीक तुकडा किंवा सूर्यफुलाची बी. हातावरून तो आपण होऊन खांद्याकडे निघाला तर त्याच्याशी झटापट करू नये. पोपटाला चढाची ओढ असते, म्हणून मनगट कोपरापेक्षा उंच धरलं की तो बहुधा हातावरच थांबतो. खांदा द्यायचा तेव्हा आपण बोलावून द्यायचा. काही क्षणांत हात पुढे करायचा, तो आला की खाऊ द्यायचा आणि पुष्कळदा परत खांद्यावर पाठवायचं. उतरणं म्हणजे शेवट नव्हे हे त्याला कळलं की अर्धं भांडण मिटतं. ज्या दिवशी पहिल्या हाकेला तो हातावर येत नाही, त्या दिवशी खांदा नाही. त्याचे डोळे भराभर आकसत-पसरत असतील, घरात पाहुणे असतील, विणीच्या काळात तो चिडचिडा झाला असेल, तरी नाहीच.

आपल्या घरांत आणखी एक धोका डोक्यावर फिरत असतो. छताचा पंखा चालू असताना पोपट मोकळा ठेवूच नये, मग तो खांद्यावर असो वा स्टँडवर. प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकून उडालेल्या पक्ष्याला पाती दिसत नाहीत. स्वयंपाकघरात तर खांद्यावर पोपट नकोच: उकळतं तेल आहे, आणि नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याचा धूर पक्ष्यांना मिनिटांत मारू शकतो. कुड्या, मंगळसूत्राचे मणी, चष्मा, कानातलं श्रवणयंत्र ही सगळी त्याच्या दृष्टीने फोडून पाहायची फळं. स्वस्त दागिन्यांतलं शिसं किंवा जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते, तेव्हा दागिने उतरवणं दोघांच्याही हिताचं.

‘आमचा राजा आजवर कुणाला चावलेला नाही,’ हा आक्षेप हमखास येतो. तो खराही असेल, पण पिल्लाच्या वागण्यावरून प्रौढ पक्ष्याची हमी देता येत नाही. मोठे पोपट वयात यायला काही वर्षं लागतात आणि त्यानंतर स्वभाव पालटू शकतो; हे पक्षी पन्नास-पन्नास वर्षं जगू शकतात. शिवाय राग ज्याचा आला त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही तर पोपट जवळ असेल त्याला चावतो. दारात नावडता माणूस आला की जवळचा तुमचा कान असतो. पंख कापून टाकावेत, असं दुसरे सुचवतात. पंख कापल्याने चोच बोथट होत नाही. उलट खांद्यावरून दचकून पडलेला जड पक्षी छातीच्या हाडावर आपटतो; आफ्रिकन ग्रेमध्ये अशा जखमा पशुवैद्यांच्या परिचयाच्या आहेत. बाहेर नेताना तर कापलेले पंख फसवे ठरतात, कारण वाऱ्याच्या झोतात असा पक्षीही झाडावर जाऊन बसू शकतो. मग कावळे आणि घारी आहेतच. बाहेर जायचं तर सवय करून घातलेला हार्नेस किंवा प्रवासाचा पिंजरा, तिसरा पर्याय नाही.

इतकं करूनही खांद्यावर चोच लागलीच, तर ओरडू नका, झटकू नका, तोंड त्याच्याकडे वळवू नका. मान दुसरीकडे कलती ठेवून शांतपणे खाली बसा आणि खांदा खुर्चीच्या पाठीला किंवा पलंगाला टेकवा. बहुतेक पोपट तिथे उतरतात. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, त्याची भीती पोपटाच्या चाव्यात नाही. विष्ठेच्या धुळीतून होणाऱ्या सिटाकोसिसची मात्र आहे. खांद्यावरची शी तिथेच वाळू देऊ नका; ताप आणि कोरडा खोकला आला तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर तो धागा सुटतो.

हे सगळं परदेशी जातींबद्दल आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची सरकारी पोर्टलवर नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आपला हिरवा राघू १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो घरात ठेवणंच गुन्हा असल्याने त्याच्या खांद्याचा प्रश्न उरत नाही.

राहिली घरातली मुलं. त्यांचा चेहरा खांद्याला फार जवळ असतो, हालचाल अचानक होते आणि चोच लागली तर ती शांत राहू शकत नाहीत. फोटोपुरतं म्हणूनसुद्धा मोठा पोपट लहान मुलाच्या खांद्यावर बसवू नका.