नामशेष माशाचे कूळ कसे ठरवावे

सातारा-सांगलीच्या डोंगरात माशाचा जीवाश्म शोधायला निघालात तर हाती फारसे काही लागणार नाही. इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पण जीवाश्म वाचायला लागणारी नजर कृष्णाकाठीच उत्तम तयार होते, कारण त्यासाठी आधी जिवंत माशांची हाडे पाठ व्हावी लागतात. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने आधी लिहिली. पुढे 1851 मध्ये सिरोंच्याजवळच्या, प्राणहितेकाठच्या कोटा येथील जीवाश्म-मासा त्यांनीच लंडनच्या अभ्यासकांपुढे ठेवला. एगर्टन यांनी त्याचे वर्णन करून त्याला ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ हे नाव दिले. आपणही जिवंत माशापासूनच सुरुवात करू.

साहित्य

एक रोहू, एक चिलापी आणि एक शिंगटा (कराड, सांगली किंवा मिरजेच्या बाजारातले मध्यम आकाराचे चालतील), दहापट मोठे दाखवणारे भिंग, चिमटा, मऊ ब्रश, बारीक चाळण, 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड, मिलिमीटरची पट्टी, आखीव वही.

कृती

1. सांगाडे सुटे करा. प्रत्येक मासा वेगळ्या भांड्यात मंद आचेवर शिजवा. खळखळून उकळू देऊ नका, नाजूक हाडे तुटतात. मांस बोटांनी आणि ब्रशने सोडवा. धुतलेले पाणी चाळणीतूनच ओता, नाहीतर बारीक हाडे मोरीत जातील. हाडे थोडा वेळ पेरॉक्साइडमध्ये ठेवून सावलीत वाळवा आणि डावे-उजवे मांडून चिठ्ठ्या लावा.

2. तिघांची तुलना करा. रोहूच्या जबड्यात एकही दात नाही. त्याचे दात घशात असतात: कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर बाकदार हाडांची एक जोडी असते आणि प्रत्येक हाडावर दातांच्या तीन ओळी दिसतात. चिलापीच्या घशात तीच जोडी एकत्र येऊन त्रिकोणी पाटी झालेली आहे. चिलापीच्या पाठीच्या परात पंधरा-सोळा टणक काटे आहेत आणि पोटाचे पर छातीच्या परांखाली सरकले आहेत. रोहूचे पोटाचे पर मात्र पोटाच्या मध्यावर असतात. शिंगट्याला खवलेच नाहीत, पण छातीच्या पराचा काटा दणकट व दातेरी आहे.

आता रोहू आणि शिंगट्याच्या कवटीमागचे पहिले चार मणके भिंगाखाली धरा. दोघांतही मणक्यांच्या बाजूला चिमुकल्या हाडांची साखळी सापडेल. वाताशयातली कंपने ही साखळी कानापर्यंत नेते. चिलापीत ती नाही. खवले पाहून रोहू आणि चिलापी जवळचे वाटतात, पण रोहूचा खरा भाऊबंद बिनखवल्यांचा शिंगटा आहे. पुढची सारी कृती या एका निरीक्षणावर उभी आहे.

3. जीवाश्म स्वच्छ करण्याआधी नोंद करा. गाव, थर, थरातली खोली, सोबत सापडलेल्या वस्तू आणि पट्टी ठेवून काढलेले छायाचित्र, एवढे हवेच. थर माहीत नसलेल्या हाडाची अर्धी किंमत गेली. चिकणमाती असेल तर पाण्यात भिजवून चाळा. चुनखडक असेल तर सौम्य अॅसिटिक आम्लात थोडा-थोडा वेळ ठेवा. चुना विरघळतो आणि हाडातले फॉस्फेट बहुतांशी टिकते. हे काम जाणत्याच्या देखरेखीखाली, हातमोजे घालूनच करा.

4. वहीत तीन रकाने आखा: ‘आहे’, ‘नाही’, ‘कळत नाही’. शेपटीकडचा भाग तुटला असेल तर शेपटीच्या प्रत्येक लक्षणापुढे ‘कळत नाही’ असेच लिहा. न टिकलेले हाड ‘नाही’च्या रकान्यात गेले की वर्गीकरण तिथेच बिघडते.

5. मोठी शाखा ठरवा. पराच्या किरणकाड्या थेट शरीरापासून पसरल्या असतील तर तो किरणपरी मासा. पराच्या मुळाशी मांसल देठ आणि त्यात एकामागोमाग हाडे असतील तर पिंडपरी. पर हरवला असेल आणि कंगोरे असलेली पंख्याच्या आकाराची दंतपट्टी सापडली असेल, तर फुप्फुसमाशाचा विचार करा.

6. खवले, मणके आणि दात एकेक करून वाचा. सराव चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या माशांवर करा. तिथल्या लमेटा थरांतून आलेले तीन मासे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908 मध्ये वर्णिले आणि तिन्हींची ओळख वेगवेगळ्या भागांवरून पटते.

‘लेपिडोस्टियस इंडिकस’ हा ‘गार’ नावाच्या माशांच्या कुळातला. त्याचे खवले जाड, चौकटीच्या आकाराचे, चकचकीत थराचे. गारचा मणका पुढून फुगीर आणि मागून खोलगट असतो. रोहूचा मणका दोन्ही बाजूंनी खोलगट आहे, तो शेजारी ठेवून पाहा. ‘पिक्नोडस लमेटी’च्या कुळाची खूण म्हणजे शिंपले-कवचे फोडणारे, ओळीत बसलेले गोलसर दात. ‘इओसेरॅनस हिस्लोपी’ काटेरी परांच्या माशांतला, म्हणजे चिलापीच्या बाजूचा. त्याच्या नावात नागपूरचे भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांची आठवण आहे.

7. जुने लक्षण आणि नवे लक्षण वेगळे करा. चकचकीत चौकटी खवले अनेक प्राचीन माशांत होते, म्हणून केवळ त्यांवरून ‘हा गार’ म्हणता येत नाही. पूर्वजांकडून सर्वांना मिळालेली गोष्ट भाऊबंदकी सिद्ध करत नाही. एखाद्या शाखेत नव्याने आलेली आणि तिच्याच वंशजांत उतरलेली गोष्ट ती सिद्ध करते. रोहू-शिंगट्याची कानाची साखळी तशी, गारचा मणकाही तसाच. आपल्या तक्त्यात अशा नव्या लक्षणांखाली रेघ ओढा आणि जास्तीत जास्त रेघा ज्या शाखेत एकत्र येतात तिथे मासा ठेवा. एखादे लक्षण विरोधात जात असेल तर तेही लिहून ठेवा. सारखी राहणी असलेल्या माशांत सारखे अवयव स्वतंत्रपणे तयार होऊ शकतात.

8. पुरावा जिथे संपतो तिथे नाव थांबवा. सुटा खवला असेल तर गट किंवा कुळापर्यंतच जा. कवटी, जबडा, पर आणि शेपूट जुळून मिळाले तरच प्रजाती व जातीचा विचार करा. चिठ्ठीवर नाव, ते ज्या लक्षणांवर ठरवले ती लक्षणे, थर आणि तारीख लिहा.

नाव पुढे बदलू शकते याची तयारी ठेवा. ‘लेपिडोटस’ (आजचे ‘लेपिडोटीस’) या नावाखाली जगभरच्या कितीतरी माशांची गर्दी झाली होती. 2012 मध्ये अॅड्रियाना लोपेझ-आर्बारेलो यांनी लक्षणांचा मोठा तक्ता मांडून त्यांची फेरतपासणी केली. काही मासे दुसऱ्या प्रजातींत गेले आणि खुद्द लेपिडोटीस गारच्या नात्यात बसला. हे शक्य झाले, कारण आधीच्या अभ्यासकांनी खवला-खवला, हाड-हाड लिहून ठेवले होते. तुमच्या वहीतला ‘कळत नाही’चा रकानाही तितक्याच काळजीने भरा. पुढचा चांगला नमुना हाती आला की कोणती हाडे आधी पाहायची, हे तोच रकाना सांगेल.