परीक्षानळीतला आकडा

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• अँटिऑक्सिडंट क्षमता कशी मोजतात, हे सांगता येईल;
• त्या मोजणीच्या मर्यादा स्पष्ट करता येतील;
• पूरक आहाराच्या वेष्टनावरील मजकूर चिकित्सकपणे वाचता येईल.

मूळ पाठ

चिरलेले सफरचंद उघडे राहिले की तपकिरी पडते. त्यावर लिंबाचा रस चोळला, तर त्याचा रंग अधिक काळ टिकतो. सफरचंदाचा रंग पालटतो तो ऑक्सिडीकरणामुळे. लिंबातील आम्ल आणि ‘क’ जीवनसत्त्व ही क्रिया रोखून धरतात.

मानवी शरीरातही प्राणवायूच्या वापरातून काही अस्थिर कण निर्माण होतात. त्यांना ‘मुक्त मूलक’ म्हणतात. त्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. म्हणून ते शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्या रेणूची हानी करतात. स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन मुक्त मूलकांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. आवळा, हळद, हिरवा चहा यांत असे पदार्थ असतात. त्यामुळे वनस्पतींची चूर्णे व गोळ्या विकताना ‘अँटिऑक्सिडंटांनी समृद्ध’ असे शब्द आवर्जून छापले जातात. परंतु ही समृद्धी मोजतात कशी?

रंगावरून मोजमाप

प्रयोगशाळेत ‘डीपीपीएच’ नावाचे रसायन वापरले जाते. हे रसायन स्वतःच एक मुक्त मूलक आहे. मात्र ते स्थिर असल्यामुळे बाटलीत साठवता येते. त्यावर आधारलेली पद्धत १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात वनस्पतीचा अर्क मिसळून मिश्रण ठरावीक वेळ अंधारात ठेवतात. अर्कात अँटिऑक्सिडंट असतील, तर जांभळा रंग फिका होत पिवळसर होतो. रंग किती उतरला, हे प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्राने ५१७ नॅनोमीटर या तरंगलांबीजवळ तपासतात.

समजा, अर्काविना द्रावणाचे प्रकाशशोषण ०.८० होते आणि अर्क मिसळल्यावर ते ०.२० झाले. घट ०.६० झाली, म्हणजेच ७५ टक्के मूलक शांत झाले. निम्मे मूलक शांत करण्यास अर्काची किती संहती लागते, हेही काढतात. येथे मात्र आकडा जितका लहान, तितका अर्क प्रभावी. मोठा आकडा नेहमीच श्रेष्ठ असतो, असे मानणारा वाचक येथे फसतो.

आकड्याच्या मर्यादा

एकच चूर्ण पाण्यात व मद्यार्कात विरघळवले, तर दोन वेगळे आकडे मिळू शकतात. पद्धत बदलली तरी आकडा बदलतो. शिवाय, ताज्या फळातील पाणी निघून गेल्यामुळे शंभर ग्रॅम चूर्णाचा आकडा फुगलेला दिसतो. प्रत्यक्षात माणूस जेमतेम चमचाभर चूर्ण घेतो.

याहून मोठा प्रश्न शरीराचा आहे. पोटात गेलेला पदार्थ पचतो, बदलतो, त्यातील थोडाच रक्तात पोहोचतो. परीक्षानळीत यांपैकी काहीच घडत नाही. तसेच सर्व मुक्त मूलक शत्रू नसतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंना मारण्यासाठी त्यांचाच उपयोग करतात.

फिनलंडमधील एका चाचणीने हे कठोरपणे दाखवून दिले. गाजरात असणारे बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट धूम्रपान करणाऱ्यांचे फुप्फुसाच्या कर्करोगापासून रक्षण करील, अशी आशा होती. चाचणीत २९,१३३ पुरुष सहभागी होते. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग सुमारे १८ टक्के अधिक आढळला. गाजर दोषी ठरले नाही. गोळीवरचा विश्वास मात्र डळमळला.

अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक सूची प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये ती मागे घेण्यात आली. या आकड्यांचा मानवी आरोग्यावरील परिणामांशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण देण्यात आले.

म्हणून मोजणी निरुपयोगी ठरत नाही. चूर्णाच्या दोन खेपांची तुलना करणे, साठवणुकीत माल किती उतरला हे पाहणे, यांसाठी ती मोलाची आहे. परंतु परीक्षानळीतला आकडा चूर्णाविषयी सांगतो. ते घेणाऱ्याच्या प्रकृतीविषयी नव्हे. आकड्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध सोडून देणारा माणूस न मोजलेल्या गोष्टीवर विसंबतो.

शब्दार्थ
संहती – द्रावणातील पदार्थाचे प्रमाण
खेप – एका वेळी तयार झालेला माल
चिकित्सकपणे – बारकाईने पारखून

पाठावरील प्रश्न
१. डीपीपीएचच्या द्रावणाचा रंग का उतरतो?
२. प्रकाशशोषण ०.८० वरून ०.४० झाले, तर किती टक्के मूलक शांत झाले?
३. ‘गाजर दोषी ठरले नाही, गोळीवरचा विश्वास मात्र डळमळला.’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. घरातील एखाद्या पूरक आहाराचे वेष्टन वाचा. त्यावरील कोणता दावा मोजता येण्यासारखा आहे आणि कोणता नाही, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.